रिकामी रेघ

यंदा सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरात असताना मी दहावीच्या पूर्वपरीक्षेचे विज्ञानाचे पेपर तपासायला घेतले होते. आमच्या गच्चीवरून होम मैदानावरच्या उंच पाळण्यांचे दिवे दिसतात. मागच्या गल्लीतले यंत्रमाग रात्री उशिरापर्यंत चालू असतात आणि तो खडखडाट कानात इतका मुरलेला आहे, की वीज जाऊन माग थांबले तरच आम्हाला जाग येते. त्या रात्री माग चालू होते. चाळीसेक पेपर हातावेगळे झाले होते आणि स्त्री प्रजनन संस्थेची सुबक, नामनिर्देशित आकृती काढा, या प्रश्नाशी मी पुन्हा एकदा येऊन थांबले होते. त्या मुलीची आकृती वर्गातली सर्वांत चांगली आकृती होती. पेन्सिलीला टोक करून काढलेली, दोन्ही अंडाशय सारख्या आकाराचे, अंडनलिकांची टोके झालरीसारखी, गर्भाशयाची भिंत दुहेरी रेषेने दाखवलेली. उजव्या बाजूला पट्टी धरून रेघा ओढलेल्या आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला गोलसर अक्षरांत नाव: अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय. शेवटची रेघही तशीच सरळ, तितक्याच काळजीने ओढलेली. तिच्या टोकाला मात्र काहीच लिहिलेले नव्हते. लिहून खोडल्याची खूण नव्हती, घाईने पान उलटल्याची नव्हती. मी नियमाप्रमाणे अर्धा गुण कापला, पुढचा पेपर घेतला, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तिचाच पेपर गठ्ठ्यातून वर काढला.

ही मुलगी विसरणाऱ्यांपैकी नाही. आवर्तसारणीतल्या मूलद्रव्यांपासून पेशीविभाजनाच्या अवस्थांपर्यंत तिला सगळे पाठ असते, आणि नुसते पाठ नसते, समजलेलेही असते. म्हणून पेपर वाटून झाल्यावर, मधल्या सुट्टीत, मी तिला प्रयोगशाळेत बोलावले. टेबलावर पेपर ठेवला आणि त्या रेघेवर बोट ठेवून विचारले, "अगं, हे का राहिलं?" ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, "येत होतं की मला, मॅडम. पण पेपरवर पप्पांची सही आणायची असते." मी म्हटले, "हा विज्ञानातला शब्द आहे. मी वर्गात शिकवला आहे ना?" तिने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, उद्धटपणा तर नव्हताच. जे घडले तेवढेच तिने सांगितले.

"तुम्ही पट्टीनं दाखवलं होतं, मॅडम."

ते खरे होते. वीस वर्षांहून अधिक काळ मी हा पाठ शिकवते आहे आणि शिकवताना अंडाशय म्हणते, गर्भाशय म्हणते, निषेचन म्हणते, ऋतुचक्राचे दिवस फळ्यावर मांडून दाखवते. पण आकृतीच्या खालच्या टोकाशी आले की माझी पट्टी तिथे टेकते, मी 'हा भाग' म्हणते आणि पुढे जाते. हे मी ठरवून केलेले नाही. मला त्याची जाणीवही नव्हती. त्या मुलीने मात्र ती पट्टी पाहिली होती, तिच्या टेकण्याचा अर्थ लावला होता आणि उत्तरपत्रिकेत माझ्यासारखेच वागून दाखवले होते: रेघ ओढायची, नाव घ्यायचे नाही.

माझ्या लहानपणी आमची खोली पूर्व भागात होती. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने आणि हातात कात्री. पत्र्याचे माप पानावर ठेवून ती कापायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, गुंडाळी करून टोक नखाने आत दाबायची आणि दोरा बांधायची. हे सगळे इतक्या वेगाने व्हायचे, की डोळ्यांना हात दिसायचे नाहीत, फक्त विडी तयार झालेली दिसायची. हजार विड्या भरल्या की कारखान्यात नेऊन द्यायच्या आणि दुसऱ्या दिवसाची पाने आणायची. १९८७ च्या उन्हाळ्यात एका दुपारी मी घाबरून तिच्याजवळ गेले, तेव्हाही तिचे हात थांबले नाहीत. काय झाले ते तिने ऐकले, एक पान कापले, वळले, दोरा बांधला आणि मग म्हणाली, "ट्रंकेत जुनं पातळ आहे, ते फाडून घे. देवाजवळ जाऊ नको. कुणी विचारलं तर कावळा शिवला म्हण." एवढेच. मी कित्येक दिवस कावळ्याकडे रागाने बघत होते. आईवर मात्र मला कधी राग धरता आला नाही, कारण तिच्या आईने तिला याहूनही कमी सांगितले असणार, आणि त्या दिवशीची हजार विडी भरायची होती हेही मला दिसत होते.

आमच्या गल्लीत बहुतेक घरे तेलुगू भाषकांची. त्यांच्याकडे मुलीला पहिल्यांदा पाळी आली की ती 'पेद्दमनिषी' झाली असे म्हणत, म्हणजे मोठे माणूस झाली. तिला नवे कपडे घालत, खुर्चीवर बसवत, गल्लीतल्या बायका येऊन हळदकुंकू लावत, तीळगूळ आणि खोबरे खायला घालत. आमच्याकडे खेड्यातली माणसे याच गोष्टीला 'शहाणी झाली' म्हणत. मला तेव्हा त्या खुर्चीवर बसलेल्या मैत्रिणीचा हेवा वाटला होता, कारण माझ्या वाट्याला फक्त कावळा आला होता. पुढे कळले, की तिलाही कुणी काही समजावले नव्हते. ही बातमी सगळ्या गल्लीला होती, वाजतगाजत होती, तिच्यासाठी साडी होती, ओटी होती. पण रक्त कुठून येते, ते दर महिन्याला का येते, पहिली एक-दोन वर्षे ते अनियमित असले तर घाबरायचे कारण नसते, यातले एक वाक्यही त्या समारंभात नव्हते. शहाणी झाली म्हणायचे आणि शहाणपण मात्र द्यायचे नाही, मोठे माणूस म्हणायचे आणि मोठ्या माणसाला सांगावे तसे काही सांगायचे नाही, ही आमच्या दोन्ही भाषांची रीत सारखीच होती.

शाळेत या विषयाची आठवण आहे ती दोनच प्रसंगांची. आठवीत असताना नॅपकिन विकणाऱ्या एका कंपनीच्या बाई आल्या. मुलींना चित्रकलेच्या हॉलमध्ये बसवले, खिडक्यांना पडदे लावले आणि मुलांना मैदानावर कबड्डी खेळायला पाठवले. बाई चांगल्या बोलल्या, पण त्यांचे सगळे बोलणे अखेरीस त्या पाकिटापाशी येऊन थांबत होते, आणि बाहेरून कबड्डीचा आवाज येत असल्यामुळे आपण काहीतरी चोरून करत आहोत ही भावना शेवटपर्यंत गेली नाही. दुसरा प्रसंग दहावीतला. विज्ञानाचे सर अतिशय मनापासून शिकवणारे होते, प्रजननाचा पाठ आला त्या दिवशी त्यांनी फळा पुसला, खडूचे हात झटकले आणि म्हणाले, "हा धडा सोपा आहे, घरी वाचा." ज्यांच्या घरी एकच खोली, त्या खोलीत आई विड्या वळते आणि आजोबा खोकत पडलेले असतात, त्यांनी तो घरी कुठे वाचावा, असे विचारण्याची आमची हिंमत नव्हती. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या मनात ते सर होते. मी हा पाठ वगळणार नाही असे मी ठरवले होते आणि वगळला नाही, याचा मला अभिमानही होता. त्या अभिमानाला त्या मुलीच्या एका वाक्याने जो धक्का बसला, तो अजून ओसरलेला नाही.

मुलांविषयी लिहायला मला अधिक वेळ लागतो, कारण त्यांच्याकडे आम्ही सगळ्यांनीच अधिक दुर्लक्ष केले. मुलींना निदान पाळी आहे; तिच्या निमित्ताने आई, काकू, एखादी आशा कार्यकर्ती चार शब्द बोलते. मुलगा नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान केव्हातरी वयात येऊ लागतो, त्याचा आवाज फुटतो, एका सकाळी तो ओल्या चादरीने जागा होतो आणि त्या दिवसापासून तो एकटा असतो. आपल्या भाषेने त्या गोष्टीला नाव दिले आहे तेही स्वप्नदोष. ज्यात काहीही दोष नाही, जे शरीराच्या वाढीचे साधे लक्षण आहे, त्याच्या नावातच दोष. रोगाचे नाव गुप्तरोग, अवयवाचे नाव गुप्तांग. शब्द ऐकल्याबरोबर मुलाला समजते, की हे लपवायचे आहे.

काही वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा असाच खंगत चालला होता. शाळा सुटल्यावर तो टॉवेलच्या कारखान्यात गाठी मारायला आणि घड्या घालायला जायचा. वर्गात डोळे मिटायचा, म्हणून मी समजत होते की कामाने दमतो. एकदा त्याचा कंपास उघडा पडला आणि त्यात कर्कटक, पेन्सिलीचे तुकडे यांच्याबरोबर वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पाच-सहा पुड्या दिसल्या. तंबाखूजन्य काही असेल या शंकेने मी त्याला बाजूला घेतले. तो रडायला लागला. रस्त्याकडेला तंबू लावून बसलेल्या कुणा जडीबुटीवाल्याने त्याला सांगितले होते, की तुझा धातू जातो आहे, उपाय केला नाहीस तर पुढे लग्न होणार नाही, आणि तो आठवड्याची मजुरी त्या पुड्यांवर घालवत होता. घरी पैसे कमी का येतात म्हणून वडिलांचा मार खात होता, तरी कारण सांगत नव्हता. मला उत्तर माहीत होते. हे नैसर्गिक आहे, यात शक्ती जात नाही, सगळ्यांना होते, ही तीन वाक्ये त्याला पुरली असती. पण माझ्या तोंडून ती निघाली नाहीत. मी एका पुरुष सहकाऱ्याला विनंती केली, ते म्हणाले, "हे सगळं वयानं आपोआप कळतं, मॅडम. आपल्याला कुणी सांगितलं होतं?" शेवटी किशोरवयीन मुलांसाठी सरकारी दवाखान्यात 'मैत्री' नावाचे केंद्र असते, तिथे मी त्याला घेऊन गेले. समुपदेशकांनी दार लोटून घेतले. पंधरा मिनिटांनी मुलगा बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा भार इतका उतरला होता, की मला रडू आवरेना. त्या पंधरा मिनिटांसाठी त्याने चार महिने पुड्या खाल्ल्या होत्या.

आपल्या भाषेत हे बोलायला शब्द नाहीत असे कुणी म्हणाले, की मला रघुनाथ धोंडो कर्वे आठवतात. ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, या कामापायी प्राध्यापकी सोडावी लागली, आणि १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत राहिले, मराठीत, स्वच्छ आणि थेट मराठीत. लोक त्यांना पत्राने प्रश्न विचारत आणि ते उत्तरे छापत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, १९३४ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले. मासिक लैंगिक प्रश्नांना वाहिलेले असेल आणि वाचक मनापासून शंका विचारत असेल, तर संपादकाने उत्तर द्यायचे नाही तर काय करायचे, हा त्यांच्या बाजूचा साधा मुद्दा होता. तो खटला ते हरले. मला या साऱ्यात सतत दिसतात ती त्यांना आलेली पत्रे. शंभर वर्षांपूर्वी कुणी तरी कंदिलाखाली बसून, नाव न देता, भीत भीत एक प्रश्न कागदावर लिहीत होते. तो माणूस आणि कंपासात पुड्या लपवणारा माझा विद्यार्थी यांच्या मधे इतकी वर्षे गेली आहेत, हे मनाला पटत नाही.

या वर्षांमध्ये काहीच झाले नाही असेही म्हणता येत नाही. मी नोकरीत नवी असताना किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आला होता. २००५ च्या सुमारास एड्सच्या धास्तीने देशभर त्याची आखणी झाली. आमच्या शाळेतही चित्रांचे तक्ते आणि शिक्षकांसाठीच्या पुस्तिका येऊन पडल्या. २००७ साली त्यातल्या चित्रांवरून आणि भाषेवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्यात तो कार्यक्रम थांबवण्यात आला. इतर काही राज्यांनीही तेच केले. आमच्याकडचा गठ्ठा सुतळीने बांधून कपाटावर चढवला गेला. त्या चित्रांपैकी काही खरोखरच घाईने, वयाचा विचार न करता निवडलेली होती, असे मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते. पण चित्र बदलता आले असते. पुढे २०१३ मध्ये, दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने शाळेत लैंगिकता शिक्षण असावे असे सांगितले. २०२० पासून केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, तयार करण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये म्हटले, की हे शिक्षण नववीपासून न देता त्याआधीच्या वयात द्यायला हवे. आदेश, तरतुदी, शिफारशी येत राहतात. वर्गात मात्र शेवटी एक माणूस हातात पट्टी घेऊन उभा असतो, आणि सगळे त्या माणसाच्या घशापाशी येऊन अडते.

त्याआधीच्या वयात म्हणजे कधी, याचे उत्तर मला माझ्या एका मैत्रिणीकडून मिळाले. ती दुसरीच्या वर्गावर शिकवते. तिच्या वर्गातली एक मुलगी तीन आठवडे 'पोटात दुखतंय' म्हणत होती. आईने ओवा दिला, डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, तरी पोट दुखायचे थांबेना. एके दिवशी मैत्रिणीने तिच्यापुढे कागदावर बाहुलीचे चित्र काढले आणि म्हणाली, "बाहुलीला कुठं दुखतंय ते दाखव बरं." मुलीने पोटावर बोट ठेवले नाही. पुढचे सगळे २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे झाले. शाळेला असे काही कळले, की पोलिसांना सांगणे बंधनकारक आहे, आणि माझ्या मैत्रिणीने ते सांगितले. त्याविषयी मी अधिक लिहिणार नाही. मला छळतात ते तीन आठवडे. ती मुलगी बोलत होती, रोज बोलत होती, प्रत्येक मोठ्या माणसाला सांगत होती. तिच्याकडे शब्द एकच होता, पोट. आम्ही तिला नाक, कान, डोळे, गुडघा, कोपर ही नावे गाण्यांतून शिकवली होती. जे नाव तिला त्या दिवसांत लागणार होते, तेवढे शिकवले नव्हते.

आता प्राथमिक शाळांत 'गुड टच, बॅड टच' शिकवतात. मुले ते कवितेसारखे एका सुरात म्हणतात आणि काहीच नसण्यापेक्षा ते नक्कीच चांगले आहे. पण मराठी माध्यमाच्या शाळेत, जिथे प्रकाशसंश्लेषण मराठीत, गुरुत्वाकर्षण मराठीत, तिथे हे एवढेच इंग्रजीत का, हे कुणी विचारत नाही. 'प्रायव्हेट पार्ट' म्हणताना आम्हाला हायसे वाटते, कारण तो शब्द आमच्या घरातला नसतो, त्याला आमच्या आईचा आवाज नसतो. मुलाने घरी जाऊन सांगायचे असते ते मात्र त्या आईलाच. विडी वळणाऱ्या, मागावर काम करणाऱ्या, तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणाऱ्या आईला त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ लागायलाच हवा, असा आग्रह आपण कशाच्या जोरावर धरतो?

पालकांची भीती मला परकी नाही. काही वर्षांपूर्वी पालक सभेत मी या विषयाचे नाव काढले तेव्हा एक आई शांतपणे म्हणाली, "तुम्ही शिकवाल, मॅडम, आणि घरी जाल. पोरगी गल्लीत काही बोलली तर तिथं आम्हाला राहायचंय." या वाक्यात अडाणीपणा नाही. दहा बाय दहाच्या घरांत, भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत, मुलीचे नाव निघणे म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तिच्याजवळ एकच उपाय आहे, नाव निघण्याआधी लग्न. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात ते चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. मला हा आकडा हजेरीपटावर दिसतो. उन्हाळ्याची सुट्टी संपते, जूनमध्ये मी नावे पुकारते, एका नावावर कुणी ओ देत नाही, आणि मागच्या बाकावरून कुणी तरी हळूच म्हणते, "तिचं झालं, मॅडम." त्या मुलींना मी प्रकाशाचे परावर्तन शिकवलेले असते. गर्भधारणा कशी होते, ती पुढे कशी ढकलता येते आणि नको वाटले तर नको म्हणता येते, हे शिकवायला मी दहावीच्या तिसऱ्या पाठाची वाट पाहत असते. त्या पाठापर्यंत त्या पोहोचतच नाहीत. आणि जो पाठ आहे, त्यात कृत्रिम गर्भधारणा आहे, सरोगसी आहे, जुळ्यांचे प्रकार आहेत. नकार कसा द्यायचा, आणि समोरच्याचा नकार कसा ऐकायचा, हे त्यात नाही.

आपल्या गावात संमती हा शब्द लहान मुलालाही माहीत असतो. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, नंदीध्वज येऊन उभे राहतात, बाराबंदी घातलेल्या माणसांनी तळ्याकाठचा सगळा परिसर पांढरा होतो आणि संमती कट्ट्यावर संमती वाचली जाते. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' असे शब्द उमटले की हजारो हातांतून अक्षता उडतात. वडिलांच्या खांद्यावर बसून मी तो सोहळा पाहिला आहे, केसांत अडकलेले तांदूळ रात्री आईने काढले आहेत. संमती मोठ्याने, सगळ्यांच्या देखत, स्पष्ट शब्दांत उच्चारायची असते, हे या गावाने मला असे शिकवले. मग त्याच शब्दाचा अर्थ मुलामुलींना शरीराच्या संदर्भात सांगताना आमचा आवाज का बसतो? कायदा म्हणतो, की अठरा वर्षांखालच्या मुलाच्या किंवा मुलीच्या होकाराला लैंगिक संबंधांत होकार मानता येत नाही. हे मुलांना माहीत असायला हवे. सोळा-सतरा वर्षांची दोन मुले एकमेकांच्या ओढीने काही करून बसतात आणि मग एकाची रवानगी निरीक्षणगृहात होते, तेव्हा ते त्यांना पहिल्यांदा कळते. मला त्या ओढीची शिक्षा द्यायची नाही. तिच्याबद्दल बोलायचे आहे, आणि तेवढ्यासाठी मला आधी तो एक शब्द फळ्यावर लिहायचा होता.

सोमवारी उजळणीच्या तासाला मी आकृती पुन्हा काढली. मुले-मुली एकत्र होती. कुणाला मैदानावर पाठवले नाही. पट्टी टेबलाच्या खणात ठेवली होती. नावे लिहीत खाली आले आणि 'योनी' हा शब्द लिहिला, खडूचा आवाज मला स्वतःला मोठा वाटला. मग वळून तो वाचला. मागे एक मुलगा हसला, दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसले, मी थांबले नाही. वह्यांवर माना झुकल्या. त्या मुलीने लिहिले की नाही ते मला माझ्या जागेवरून दिसले नाही. तास संपल्यावर एका मुलाने येऊन विचारले, "मॅडम, उद्या पुरुष प्रजनन संस्थेचीपण अशीच घेणार का?" मी हो म्हटले, आणि घेतली. हात थंड पडले होते, पण घेतली.

त्या आठवड्याच्या शेवटी पालक सभा होती. त्या मुलीचे वडील कामावरून थेट आले होते, शर्टाच्या बाहीला सुताचा पांढरा कापूस चिकटलेला, बोटांच्या पेरांत मागाचे तेल. मुलगी त्यांच्यामागे भिंतीला टेकून उभी होती. त्यांनी विज्ञानाचा पेपर उलगडून टेबलावर ठेवला, एकेक पान उलटले, गुणांची बेरीज मनाशी केली आणि त्या आकृतीपाशी थांबले. "हे अर्धा मार्क कशाचं गेलं, मॅडम? चित्र तर चांगलं आलंय की." माझ्या तोंडून निघाले, "एक नाव राहिलं लिहायचं." ते म्हणाले, "कुठलं?" आणि त्यांनी काळपट बोट त्या रिकाम्या रेघेच्या टोकावर ठेवले.

मी मुलीकडे पाहिले. ती जमिनीकडे बघत होती. आजूबाजूला इतर पालक होते, शेजारच्या टेबलावर इतिहासाचे सर होते. मी तो शब्द सांगितला. एरवी बोलते त्याच आवाजात सांगितला, असे मला वाटते.

त्यांनी मान डोलवली. मुलीकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाले. त्यात 'अर्धा मार्क' एवढेच मला कळले. मग खिशातले पेन काढून पेपरच्या पहिल्या पानावर वळणदार तेलुगू अक्षरांत सही केली, आणि ते पेन बंद न करता तसेच मुलीपुढे धरले. तिने पेन घेतले. पेपर उघडाच होता. माझ्यापुढे रांगेतले पुढचे पालक येऊन बसले होते, त्यांच्या मुलाच्या गणिताची चौकशी करत होते.